धरायला फक्त एक कठडा

लॉन्ड्रीवाल्याने भर गल्लीत छाती ठोकून सांगितलं होतं, की या निवडणुकीत पूल पदरात पाडून घेतला नाही तर इस्त्री खाली ठेवीन आणि पुन्हा उचलणार नाही. गल्लीने ते मनावर घेतलं. हा माणूस बोलायला लागला की त्याच्या इस्त्रीसारखाच तापायचा आणि समोरच्याच्या शंका पार सपाट करून टाकायचा.

मामला असा होता. गल्ली आणि मोठा रस्ता यांच्या मधून एक ओढा जायचा. त्यावर पूर्वी गाडी जाईल असा पूल होता. एका पुराने तो नेला, आणि जिल्हा परिषदेने त्याचं नाव काढणं सोडून दिलं. लोकांनी विजेचे दोन जुने खांब आडवे टाकले आणि त्यांवरून तोल सावरत ये-जा सुरू केली. तरण्यांना सवय झाली. म्हाताऱ्यांनी बाहेर जाणंच कमी केलं.

सगळ्यांत जास्त घोर होता तो सुतारमिस्त्रींच्या घरी. मिस्त्रींच्या बायकोला, म्हणजे गल्लीच्या काकूंना, दम्याचा विकार. मागच्या हिवाळ्यात त्यांना अचानक धाप लागली तेव्हा अँब्युलन्स ओढ्यापलीकडे दिवा फिरवत उभी राहिली, आणि इकडून चौघांनी काकूंना खुर्चीत बसवून खांबांवरून न्यायचं ठरवलं. मध्यावर एकाचा पाय घसरला आणि काकू खुर्चीसकट ओढ्यात जाऊन बसल्या. वाचल्या, पण दवाखान्यात बजावून सांगितलं, की पुढच्या खेपेला एवढा उशीर चालणार नाही. तेव्हापासून घरात काकू खोकल्या की मिस्त्री आधी त्यांच्याकडे बघायचे नाहीत, ओढ्याकडे बघायचे.

जिल्हा परिषदेच्या इथल्या जागेसाठी तिघं उभे होते. एक डेपोवाले, म्हणजे बस डेपोतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांचं म्हणणं, आधी रस्ते. दुसऱ्या डॉक्टरबाई, सगळा जन्म सरकारी दवाखान्यात गेलेला. त्यांचं म्हणणं, रस्त्याने जायचं कुठे, तर दवाखान्यात; तिथे माणूस नसेल तर रस्ता काय चाटायचा? तिसरे सिमेंटवाले. त्यांचं मोठं दुकान होतं आणि त्याहून मोठा नकाशा होता. नवी घरं येऊ द्या, धंदे येऊ द्या, कर आपोआप वाढेल, मग रस्तेही होतील आणि दवाखानेही. तिघंही माणसं चांगली होती, हीच पंचाईत. एखादा लबाड असता तर निवड सोपी गेली असती.

लॉन्ड्रीवाल्याचा बेत अगदी साधा. तिघांना एकाच दिवशी गल्लीत बोलवायचं आणि खांबांवरून चालत यायला लावायचं.

"अर्ज नको न् भाषण नको," तो म्हणाला. "पायांत कापरं भरलं की माणसाचं डोकं चालायला लागतं."

सगळ्यांना पटलं. निरोप गेले, तिघांनीही यायचं कबूल केलं. पण 'उमेदवार येणार' ही बातमी घराघरांत पोहोचेपर्यंत तिची 'पाहुणे येणार' अशी बातमी होऊन बसली, आणि गल्लीचं नेमकं तिथेच चुकलं.

पाहुणे म्हटल्यावर झाडू बाहेर निघाले. कोपऱ्यातला कचऱ्याचा ढीग पुरावा म्हणून राखून ठेवायचा ठरला होता. तो कुणी उचलला ते कळलंच नाही. तुंबलेलं गटार दाखवायचं होतं. ते वाहायला लागलं. दारोदार कुंड्या आल्या. एका भिंतीला तर चुना लागला. लॉन्ड्रीवाल्याने विरोध करून बघितला, पण त्याच्या बायकोने त्याला ऐकवलं, की आपली लक्तरं चारचौघांत दाखवायचीच असतील तर निदान धुऊन दाखवा. तोही बिचारा टेबलावर घालायच्या चादरींना कडक इस्त्री करत बसला.

मग मिस्त्रींच्या सुनेने मुद्दा काढला, की डॉक्टरबाईंचं वय झालंय, त्या खांबांवरून पडल्या तर? आपल्या दारात आलेला माणूस पडला तर तोंड कुठे लपवायचं? यावर बरीच चर्चा होऊन असं ठरलं, की बेत तसाच ठेवायचा, पण मिस्त्रींनी खांबांच्या कडेने धरायला फक्त एक कठडा करावा. नुसती काठी बांधली तरी चालेल.

मिस्त्रींनी काम सोडून पुष्कळ वर्षं झाली होती. त्यांचे हात कधीपासून शिवशिवत होते. त्यांनी काठी बांधली, लांबून बघितली आणि सोडली. काठी हलत होती. कठडा न हलायला खुंट हवेत. खुंट काय हवेत ठोकणार? म्हणून खांबांवर तुळया आल्या. तुळया टाकल्यावर मधल्या फटी दिसायला लागल्या आणि मिस्त्रींना फट म्हणजे डोळ्यातलं कुसळ. त्यांनी घरातल्या फळ्या काढल्या. त्या काकूंच्या कपाटासाठी ठेवलेल्या होत्या.

"न्या," काकू म्हणाल्या. "कपाटाची वाट बघून बघून माझे कपडे विरले. निदान फळ्या तरी कामाला येऊ देत."

त्या दिवसांत मिस्त्रींना जेवायला हाका मारून सून थकली. रंधा चालत होता, भुसा उडत होता. फळ्यांच्या कडा गोल झाल्या, मग त्यांवर पॉलिश पेपर फिरला. एका बाजूला कठडा बरा दिसेना म्हणून दुसऱ्या बाजूलाही आला. रुंदी म्हणाल तर दीड माणसाची. गाडी जाईल असं काम काही लाकडात होणारं नव्हतं. पण जे होतं ते असं, की ओढ्याच्या पाण्याने जरा थांबून वर बघावं.

सभेच्या दिवशी सकाळी लॉन्ड्रीवाला चादरी घेऊन आला आणि जागच्या जागी उभा राहिला.

"मिस्त्री, हे काय?"

"कठडा."

"हा कठडा? हा पूल आहे."

"कठडा आहे की. दोन्ही बाजूंनी आहे."

लॉन्ड्रीवाला मटकन फळीवर बसला. एवढा भार पडूनही फळी जराशी करकरलीसुद्धा नाही, याचं त्याला जास्त वाईट वाटलं. मग त्याने हळूहळू समजावून सांगितलं, की आपल्याला पाहुण्यांना भीती दाखवायची होती. आता ते डुलत डुलत येतील आणि म्हणतील, पूल तर आहे. इतके दिवस ते कुणासाठी राबले आणि त्यातून कुणाची वाट अडवून बसले, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं.

मधल्या चार फळ्या काढून टाकायच्या, असं ठरलं. मिस्त्री पहार घेऊन गेले. बराच वेळ झाला, काही आवाज येईना, म्हणून लॉन्ड्रीवाला बघायला गेला. मिस्त्री पुलाच्या मधोमध गुडघे टेकून बसले होते. पहार बाजूला पडली होती.

"काढल्या का?"

"एक जरा ढिली होती," मिस्त्री म्हणाले.

"मग?"

"आवळली."

लॉन्ड्रीवाल्याने कपाळाला हात लावला. तेवढ्यात पलीकडे गाड्या थांबल्या.

पाहुणे आले ते खरंच डुलत आले. डेपोवाले मध्ये थांबले, कठड्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, की इतकं नेटकं काम हल्ली बघायला मिळत नाही. मिस्त्रींनी मान खाली घातली. त्यांचे कान मात्र आनंदाने लाल झाले, आणि त्या आनंदाची त्यांना इतकी लाज वाटली की ते मागच्या मागे जाऊन उभे राहिले.

सभा सुरू झाली. लॉन्ड्रीवाल्याने गल्लीच्या हालांचं वर्णन केलं, पण समोर कुंड्या, बाजूला चुना आणि पुढ्यात कडक इस्त्रीची चादर, म्हणून ते त्याला स्वतःलाच खोटं वाटायला लागलं. डेपोवाल्यांनी सांगितलं, की त्यांनी सगळा भाग पायी पालथा घातलाय, आणि रस्त्यांचा पैसा आधी कुठे घालायचा याचा विचार करताना त्यांना झोप येत नाही. ही गल्ली बघून मात्र बरं वाटलं. सिमेंटवाले तर भलतेच खूश झाले. लोकांनी मनावर घेतलं की वाढ अशी होते, हे दाखवायला या पुलाचा फोटो आपल्या पत्रकावर छापू का, असं त्यांनी विचारलं. शेवटी डॉक्टरबाई बोलल्या. त्यांचा आवाज मऊ होता, म्हणून जास्त लागला.

"मी तुम्हाला गोड बोलून फसवणार नाही. डोंगराखालच्या वस्तीला ओढ्यावर टाकायला खांबसुद्धा नाहीत. बाळंतीण अडली तर तिला पाण्यातून नेतात. जिल्ह्याचा पैसा थोडा आणि दुखणी फार. जिथे दुखतंय तिथे आधी हात लावायचा. इथे मला दुखताना काही दिसत नाही."

मिस्त्रींना ते पटलं, आणि पटलं म्हणूनच त्यांना कसंसं झालं.

काकू पहिल्याच रांगेत होत्या. लॉन्ड्रीवाल्याने त्यांना मुद्दाम तिथे बसवलं होतं, आणि आता तो त्यांना डोळ्यांनी खुणावत होता, की खोका, काकू, जरा खोका. काकूंच्या घशात खरोखरच खोकला येऊन बसला होता. सकाळपासून गल्लीभर झाडू चालला होता, ती सगळी धूळ त्यांच्या छातीत गेली होती. पण बाहेरची माणसं बोलत असताना मध्येच खोकायचं? काकूंनी तोंडावर रुमाल धरला आणि खोकला गिळला. तो पुन्हा वर आला, त्यांनी पुन्हा गिळला. चेहरा लाल झाला, मग जांभळा. डॉक्टरबाईंनी आपुलकीने विचारलं, की आजी, तुमची तब्येत कशी असते?

"छान आहे," काकू म्हणाल्या.

चहाचे कप फिरायला लागले आणि काकू खुर्चीतल्या खुर्चीत कलंडल्या.

पुढचं सगळं एकदम झालं. डॉक्टरबाई कप टाकून धावल्या. त्यांनी नाडी बघितली, छातीला कान लावला आणि अँब्युलन्स बोलवायला सांगितली. ती लवकर आली आणि ओढ्यापलीकडे उभी राहिली. आडवं केलं की धाप वाढते, म्हणून काकूंना खुर्चीसकट उचललं. खुर्ची मिस्त्रींच्याच हातची, चांगली ऐसपैस हातांची. ती पुलावर चार पावलं गेली आणि दोन्ही कठड्यांच्या मध्ये घट्ट बसली. ढकलली तर पुढे जाईना. उचलावी तर कठडा छातीएवढा आणि खुर्ची दगडासारखी. मिस्त्री करवत घेऊन धावले आणि आपल्याच कठड्यावर चालवायला लागले. पण लाकूड जुनं, कसदार. करवत नुसती गुणगुणत राहिली.

"वेळ नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मागे ओढा. खाली उतरा."

सगळ्यांनी खुर्ची मागे खेचली आणि ओढ्यात उतरवली. पुढच्या दोन पायांना डेपोवाले आणि लॉन्ड्रीवाला, मागच्या दोन पायांना सिमेंटवाले आणि मिस्त्रींची सून. डॉक्टरबाई काकूंचं मनगट धरून बाजूने पाण्यात. सिमेंटवाल्यांचा एक बूट चिखलाने ठेवून घेतला. वर सुबक, घोटीव, कोरडाठाक पूल, आणि त्याच्याखाली जिल्ह्याचे रस्ते, दवाखाने आणि विकास गुडघाभर गाळात. पुलावर एकटे मिस्त्री होते, हातात करवत घेऊन. खाली उतरायचं त्यांना सुचलंच नाही. काकूंची मान वर होती आणि त्यांचे डोळे मिस्त्रींना शोधत होते.

काकू वाचल्या. थोडक्यात वाचल्या, असं डॉक्टरबाईंनी नंतर मिस्त्रींना बाजूला घेऊन सांगितलं. मग त्या काकूंपाशी बसल्या. अंगावरच्या कपड्यांवर गाळ वाळला होता.

"आजी, इतका त्रास होत होता, तर मघाशी विचारलं तेव्हा सांगितलं का नाहीत?"

काकूंच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तो त्यांनी जरा बाजूला केला.

"पहिल्यांदाच आला होतात," त्या म्हणाल्या. "आल्या आल्या काय रडगाणं सांगायचं?"

डॉक्टरबाईंनी मास्क पुन्हा नीट बसवला. इतक्या वर्षांत आपल्याला 'छान आहे' म्हणून किती जणांनी परत पाठवलं असेल, याचा बहुतेक त्या विचार करत असाव्यात.

निवडणूक डॉक्टरबाईंनी जिंकली. गल्लीने दणदणीत मतं दिली. लॉन्ड्रीवाल्याने तर पूल झाल्यातच जमा धरला. पहिलं बजेट ठरल्यावर बाई आपणहून मिस्त्रींच्या घरी आल्या. त्यांनी सरळ सांगितलं, की यंदा डोंगराखालची वस्ती घेतली आहे आणि दवाखान्यात रात्रीचा डॉक्टर. तुमचा पूल पुढच्या वर्षी. तेव्हा इंजिनिअर येऊन बघतील आणि काय दिसतं त्यावर ठरवतील. मी भांडेन, पण डोळ्यांना दिसलं पाहिजे.

लॉन्ड्रीवाला उसळून काही बोलणार, तोच काकूंनी विचारलं, "त्या बाळंतिणींना खांबपण नाहीत म्हणालात ना?"

"नाहीत."

"मग त्यांचं होऊ दे आधी."

लॉन्ड्रीवाला भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मिस्त्री काकूंकडे बघत राहिले. ही बाई आपल्या वाट्याचा श्वास कुणालाही काढून देईल, हे त्यांना माहीत होतं. पण इतक्या सहज देईल, असं वाटलं नव्हतं.

डॉक्टरबाई गेल्यावर मिस्त्रींनी एका बाजूचा कठडा काढला आणि खुर्ची जाईल एवढी फळी वाढवली. ही नवी बाजू त्यांनी मुद्दाम कच्ची ठेवली. रंधा मारला नाही, कडा घोटल्या नाहीत, खिळ्यांची डोकी वर राहू दिली. इंजिनिअरच्या डोळ्यांत खुपली पाहिजे, बुटाला टोचली पाहिजे. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी वाईट काम केलं, आणि त्याला त्यांना चांगल्या कामापेक्षा जास्त कष्ट पडले.

रोज सकाळी ते काकूंना पलीकडे फिरायला नेतात. त्या बाजूला आले की दोन्ही हात पाठीमागे बांधतात आणि आभाळाकडे बघतात. परवा काकूंची चप्पल एका खिळ्याला अडकली. हे एवढं एक डोकं तरी खाली बसवा, असं त्या म्हणाल्या. मिस्त्रींनी साफ नाही सांगितलं, आणि संध्याकाळी कुणाचं लक्ष नाही असं बघून तेवढंच एक बसवून आले.

काल काकूंना त्याच्या शेजारच्या खिळ्याचं डोकं लागलं.

इंजिनिअर यायला अजून पुष्कळ अवकाश आहे, मंडळी. तोवर काकूंनी जरा बेतानं अडखळावं, एवढंच गल्लीचं मागणं आहे.