किसनआबांचं जर्मन दूध

माझ्या हातच्या पोह्यांना आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही. सासूबाईंनीसुद्धा नाही, आणि त्या तर देवाच्या नैवेद्यालाही नावं ठेवायच्या. पण किसनआबांनी पहिल्यांदा माझ्या दुकानात बसून पोह्यांची बशी चाटूनपुसून संपवली, मिशीत अडकलेलं खोबरं झाडलं आणि डोळे मिटून सांगितलं, "पुन्हा."

मला वाटलं, आणखी हवेत. मी डबा पुढे केला.

"न्हाई न्हाई, पोट भरलं. मार्क दिला."

आबा जगातल्या प्रत्येक गोष्टीला चारपैकी एक मार्क देतात: पुन्हा, अवघड, ठीक, सोपं. फाट्यावर रस्ता ओलांडणं 'अवघड'. पुतण्याचं लग्न 'ठीक'. सरपंचांचं भाषण 'सोपं'. सरपंच बिचारे खूश झाले, तर आबा म्हणाले, "सोपं म्हंजे आता सा म्हैनं ऐकायची गरज न्हाई."

आता हे मार्क आले कुठून ते सांगते. सोमाटणे फाट्यावर माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, शेजारी झेरॉक्सचं मशीन. आबा राहतात बेगडेवाडी स्टेशनच्या बाजूला. सगळी हयात लोणावळ्याला एका चिक्कीच्या दुकानात गल्ल्यापुढे तराजू धरून गेली. बायको पोरगी शाळेत असतानाच गेली, त्यामुळे घरात दोघंच, बाप आणि लेक. लेक सुनंदा नर्स झाली आणि जर्मनीला नोकरीला जायचं तिने मनावर घेतलं. तिकडे जायचं तर आधी त्यांची भाषा यायला हवी. म्हणून तिने घरच्या कॉम्प्युटरवर कार्डांचं एक सॉफ्टवेअर घातलं. पडद्यावर मराठी शब्द येतो. जर्मन शब्द आठवायचा, मग कार्ड उलटायचं. मागे उत्तर असतं आणि आवाज असतो. हा आवाज सुनंदाचाच. क्लासमध्ये शिकवलेलं घरी येऊन ती स्वतः बोलून भरायची. कार्ड उलटलं की खाली चार बटणं. आठवलं नाही तर 'पुन्हा', म्हणजे ते कार्ड उद्या परत डोक्यावर बसणार. फारच सहज आठवलं तर 'सोपं', मग ते महिनोन् महिने तोंड दाखवत नाही.

थोडक्यात 'पुन्हा' म्हणजे नापास. माझे पोहे नापास! मी आठवडाभर त्यांच्याशी तुटक बोलत होते.

सुनंदा परीक्षा पास झाली आणि गेली. कॉम्प्युटर राहिला. आबांनी एके दिवशी तो चालू केला आणि तिथून पुढे ते जर्मन शिकू लागले. गावात विचारलं की काय करता आबा, तर म्हणायचे, "जर्मन चाललंय." आता आपल्याकडे जर्मन म्हणजे काय, तर ॲल्युमिनियमची भांडी. दुसऱ्याच दिवशी एक मावशी चेपलेलं पातेलं घेऊन दारात हजर, जरा ठोकून द्या म्हणून. आबांनी दिलंही ठोकून. वर मार्क दिला, 'अवघड'.

मला ते रोज नवं काहीतरी ऐकवायचे. "ताई, त्यांच्यात डेर, डी, डास अशी तिघं असत्यात. टेबल बाप्या हाय. दार बाई हाय. आन पोरगी? पोरगी डास!"

"आबा, दास असेल ते. डास काय?"

"आमच्याकडं डासच. आन त्यात चूक काय? आपन बी म्हनतोच की, ते पोर. ना बाप्या ना बाई."

मी झेरॉक्सच्या मशीनचं झाकण आपटलं.

त्यांची आणखी एक सवय मला बिलकुल खपत नसे. दारात मी मोठ्या अक्षरांत पाटी लावली आहे, 'चपला बाहेर काढा'. धुळीने मशीन बिघडतात. आबा ती पाटी नीट वाचत आणि चपला घालून सरळ आत येत. रोज मी ओरडायची, रोज ते निमूट बाहेर जाऊन चपला काढून यायचे. म्हटलं, वय झालं, विसरतात.

तर असं सुरळीत चाललं असताना त्यांचा कॉम्प्युटर गच्च भरला. भरणारच! सुनंदाच्या कार्डांवर यांचं भागेना, म्हणून हे स्वतःची कार्डं करायला लागले होते. रेकॉर्डिंग सुरू करायला यायचं, बंद करायला यायचं नाही. कांद्याच्या कार्डात एक शब्द कांद्याचा आणि मागे अख्खी मालगाडी. बटाट्याच्या कार्डात कुत्र्यांची भांडणं पहिल्यापासून शेवटपर्यंत.

मी म्हटलं, "दुसरी हार्ड डिस्क बसवू. कार्डांचा सगळा पसारा तिच्यावर हलवू. जुनीवर जागा होईल."

नवी डिस्क बसवून दिली, तर हे घरी जाऊन स्वतःच हलवून आले. "झालं, नेलं सगळं." त्यांच्या घरी जाऊन बघते तर पडद्यावरचं सॉफ्टवेअरचं चिन्ह तेवढं उचलून नव्या डिस्कमध्ये टाकलेलं.

"अहो, ही नुसती दारावरची पाटी झाली! घर आहे तिथंच आहे. आता जुनं घर पाडलं असतं म्हणजे कळलं असतं."

आबांचा चेहरा पांढरा पडला. दुसऱ्या दिवशी ते रिक्षात कॉम्प्युटर मांडीवर घेऊन आले. सोबत पिशवीत नारळ, कुंकवाची पुडी, छोटी शेगडी आणि किटलीत दूध.

"हे काय?"

"नव्या घरात आदी दूध उतू जाऊ द्यावं लागतं. तुमी शेगडी पेटवा."

मी हात जोडले. वायरींच्या या जंजाळात शेगडी? दुकानाचीच वास्तुशांत व्हायची! बरंच भांडून आम्ही तोडगा काढला. कॉम्प्युटरच्या डब्याला बाहेरून कुंकवाचं बोट, नारळ बाहेर पायरीवर, आणि दुधाचा चहा. मग मी सॉफ्टवेअर बंद केलं, कार्डांचं आणि आवाजांचं अख्खं फोल्डर नव्या डिस्कवर उतरवलं आणि सॉफ्टवेअरला दाखवून दिलं की बाबा, आता इथे बघायचं. जाता जाता सॉफ्टवेअरही नवं घातलं, जुनं फार कुरकुरत होतं. आबांनी कानाला हेडफोन लावला, माझ्याकडे पाठ केली आणि एक कार्ड तपासलं. गालातल्या गालात हसले, एक बटण दाबलं.

"सगळं आलं ना?"

"ठीक," आबा म्हणाले. माझ्या कामाला मिळालेला हा पहिला बरा मार्क. मी मनातून फुलले.

दुसऱ्या दिवशी शटर वर करते तोच आबा कॉम्प्युटर मांडीवर घेऊन पायरीवर बसलेले. पायात चपला नाहीत, डोक्यावर टोपी नाही.

"ताई, माजं दूध गेलं."

"उतू गेलं?"

"कार्ड, ताई. दुधाचं कार्ड. काल हुतं, आज न्हाई. पाटंपास्नं बघतोय. कांदा येतो, बटाटा येतो, दूध येत न्हाई."

मला रागच आला. "आबा, माझ्या हातून कधी कुणाची एक फाईल गेलेली नाही. आणि गेलं तरी दुधाचंच ना? नवं करून देते, बसा."

"नवं नगं," ते म्हणाले. "त्येच पायजे." आणि कॉम्प्युटर माझ्यापुढे सरकवला. मी वायरी जोडल्या.

आवाजाची फाईल शोधली. होती, जागच्या जागी. मग कार्डांची यादी काढली. कार्डही होतं. फक्त त्याच्यावर नव्या सॉफ्टवेअरने एक शिक्का मारून ते बाजूला ठेवलं होतं. शिक्का होता 'जळू'. पावसात डोंगरात गेलं की पोटऱ्यांना चिकटते ना, तीच जळू. या नव्या सॉफ्टवेअरचा नियमच तसा: जे कार्ड माणूस सारखं सारखं विसरतो, ते नुसतं डोकं शोषतं, म्हणून ते वेगळं काढायचं आणि परत दाखवायचं नाही. जुन्यात हा नियम नव्हता.

मी आबांना समजावलं. त्यांनी एकच शब्द ऐकला.

"जळू? माज्या पोरीला जळू म्हनतंय त्ये?"

"पोरीला नाही हो, कार्डाला. तुम्ही रोज चुकता म्हणून. अहो, इतका सोपा शब्द! सांगा बघू, दुधाला काय म्हणतात?"

"मिल्श," आबा पटकन म्हणाले. "डी मिल्श. बाई हाय ती."

"मग येतंय की! येतंय तर रोज 'पुन्हा' का दाबता?"

आबा खाली बघायला लागले. त्यांनी अनवाणी पायाच्या अंगठ्याने लादी घासली.

"सोपं दाबलं, की ती सा म्हैन्यानं येती, ताई. ठीक दाबलं, तर पंदरा दिसानं. पुन्हा दाबलं की उद्या येती."

मी हेडफोनची वायर काढली आणि कार्ड उलटलं. दुकानात सुनंदाचा आवाज आला, स्वच्छ, शाळेत कविता म्हणावी तसा. "डी मिल्श." मग एक श्वास. मग परत, "डी मिल्... आबा! आबा, उतू चाललं! दुधाकडं बघा ना, माझ्याकडं काय बघताय! बंद करा, बंद करा! एवढं एक काम सांगितलं तुम्हाला..." मग भांड्याचा खणखणाट, आणि आवाज बंद.

"मला दुधाफुडं हुबं केलतं," आबा म्हणाले. "पन ती बोलत हुती ना, परदेशातल्या मडमेवानी. मी तिच्याकडंच बघत ऱ्हायलो. समदं दूध वट्यावर. तिला परत बोलून भराया येळ न्हवता, म्हून तसंच ऱ्हायलं."

"फोन येतो ना तिचा?"

"येतो की. दर रैवारी. लय ग्वाड बोलती. आबा, जेवला का. आबा, गोळी घेतली का. आबा, ठीक ना. पाव्हण्यासंगं बोलत्यात तसं." त्यांनी मिशी पुसली. "गेल्यापास्नं एकदा बी वरडली न्हाई, ताई. लांबनं कसं वरडावं मानसानं?"

मला रडू आलं. एवढी मोठी बाई मी, गिऱ्हाइकांना रडवणारी. वायर शोधायच्या निमित्ताने टेबलाखाली वाकले आणि तिथेच पदराने डोळे पुसले. वर येऊन कार्डावरचा शिक्का काढला, आणि तो जळवांचा नियमच मुळापासून उपटून टाकला. आबांनी 'पुन्हा' दाबलं. उद्याची सोय झाली.

ते गेल्यावर मला पोहे आठवले. चाटूनपुसून संपवलेली बशी आठवली. आणि मी खुळी तेव्हा आठवडाभर तोंड फुगवून बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी लादी पुसून काढली होती, अगदी चकाचक. आबा आले. दारात थांबून त्यांनी पाटी वाचली, आणि मातीने भरलेल्या चपला घालून सरळ आत आले. लादीच्या मधोमध उभे राहिले. चपलांकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, दुधासमोर उभ्या केलेल्या माणसाने बघावं तसे.

काही विसरत नव्हते आबा. एक दिवससुद्धा विसरले नव्हते.

मी छाती भरून श्वास घेतला. "आबा!" म्हणून असा आवाज चढवला की पलीकडचा गॅरेजवाला पाना टाकून बघायला आला. "किती वेळा सांगायचं तुम्हाला? हे काय शेत वाटलं काय? आत्ता पुसलीय मी लादी, आत्ता! एवढं एक काम सांगितलं तुम्हाला, तेही होत नाही! काढा आधी त्या चपला!"

आबा निमूट बाहेर गेले. चपला काढून जोडीने भिंतीला लावल्या, आत येऊन स्टुलावर बसले आणि समाधानाने डोळे मिटले.

"पुन्हा," म्हणाले.