हात आपटल्याचा आवाज

नवनाथ गांगुर्ड्यांनी सरकारी माणसाचं बोलणं टेप करायचं ठरवलं ते बुधवारी, सकाळच्या दुसऱ्या चहाला.

"शनिवारी पॉलिटेक्निकच्या फॉर्मची शेवटची तारीख," त्यांची बायको छाया म्हणाली. "तेजलचा रहिवासी दाखला कुठाय? तीन खेपा झाल्या तुमच्या. पोरीचं वर्ष गेलं तर?"

खेपा तीन झाल्या होत्या, हे खरं. प्रत्येक खेपेनंतर घरी येऊन नवनाथराव सांगत, की आपण टेबलावर हात आपटला आणि कचेरीतल्या दाखले देणाऱ्या त्या भाऊसाहेबाला कसा उभा-आडवा झापला. (एवढा झापलेला माणूस दाखला का देत नाही, हे छायाला कळत नसे.)

"आता पुरावाच आणतो," ते म्हणाले. "टेप करतो त्याचं बोलणं. हक्क आहे आपला!"

हा हक्क त्यांना इंदिरानगरच्या पानटपरीवर एका वकिलाने सांगितला होता. (तो वकील आहे, हेही त्यानेच सांगितलं होतं.)

घरात रेकॉर्डिंगचा छोटा टेप होता. कॅसेट मात्र हाताला एकच लागली, छायाच्या भावाच्या हळदीतल्या गाण्यांची. ती पुसली जाऊ नये म्हणून तिच्या कडेच्या खाचा तोडलेल्या होत्या; त्यांवर चिकटपट्टी लावून त्यांनी ती पुन्हा भरण्याजोगी केली. छायाला काही सांगितलं नाही.

गुरुवारी ते कचेरीच्या गेटवरच थांबले. आत बटणं दाबायला जमणार नाही म्हणून त्यांनी तिथेच रेकॉर्डिंगची दोन्ही बटणं दाबली आणि टेप डब्याशेजारी पिशवीत ठेवला. कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासाची असते आणि सरकारी रांग त्याहून मोठी असते, हा हिशेब घाईत राहून गेला.

खिडकी नंबर चारवर पुंजाराम भाऊसाहेब बसले होते. पुढे विंचूरहून आलेल्या कुसाबाई नावाच्या एक बाई कागदावर अंगठा उठवत होत्या. त्या बाजूला सरकल्या आणि नवनाथराव पुढे झाले.

"परत तुम्ही?" भाऊसाहेब म्हणाले. "मागच्या वेळी काय सांगितलं होतं मी?"

"हो साहेब."

"हो काय? काय सांगितलं होतं?"

"बरोबर आहे साहेब."

खट्!

"दादा," कुसाबाई म्हणाल्या, "तुमच्या पिशवीत कायतरी वाजलं."

"डबा आहे."

"असा कसा डबा? झाकण आपोआप लागतं का त्याचं?"

भाऊसाहेबांनी खिडकीतून हात बाहेर काढला. "बघू पिशवी."

नवनाथरावांनी पिशवी दिली. आता पोलीस येणार, आपली नोकरी जाणार आणि तेजल शनिवारी फॉर्म हातात घेऊन रडत बसणार, एवढं सगळं त्यांना त्या एका मिनिटात दिसलं. भाऊसाहेबांनी टेप बाहेर काढून टेबलावर ठेवला.

"टेप करता होय?"

"ह... हक्क आहे साहेब." (चार खेपांतलं हे एकमेव शूर वाक्य.)

"असेल की. मी कुठं नाही म्हणतो? बाजू संपलीय, पलटा."

नवनाथरावांनी बाजू पलटली आणि पुन्हा दोन्ही बटणं दाबली. भाऊसाहेब खाकरले आणि टेपजवळ तोंड नेऊन बोलू लागले. "खिडकी नंबर चार. या गृहस्थांना आज चौथ्यांदा सांगतो, की मुलीच्या शाळेचा बोनाफाईड दाखला जोडा. हे ऐकत नाहीत, 'हो साहेब' म्हणतात आणि पळतात. उद्या दुपारपर्यंत आणा, संध्याकाळी रहिवासी दाखला घेऊन जा. कुठल्या शाळेत होती मुलगी?"

नवनाथरावांनी शाळेचं नाव सांगितलं.

"तिथं बोनाफाईड कोण लिहितं?"

नवनाथरावांनी आधी फिरणाऱ्या कॅसेटकडे पाहिलं, मग कुसाबाईंकडे.

"मी," नवनाथराव म्हणाले. "क्लार्क आहे तिथे."

कुसाबाई तोंडाला पदर लावून खाली बसल्या.

घरी "आवाज नीट आलेला नाही" असं सांगून बघितलं, पण छायाने बटण दाबलंच. पंचवीस-तीस मिनिटं पिशवीची खसखस ऐकू आली आणि मग नवनाथरावांचा बारीक आवाज. शेवटापर्यंत ऐकून झाल्यावर छायाने कॅसेट बाहेर काढली, चिकटपट्टी पाहिली आणि शांतपणे विचारलं, "माझ्या भावाची हळद पुसून 'हो साहेब' भरलंत?"

तेजल म्हणाली, "पप्पा, हात आपटल्याचा आवाज कुठाय?"

शुक्रवारी शाळेत पोचल्या पोचल्या नवनाथरावांनी जनरल रजिस्टर उघडलं आणि ते त्यात डोकं खुपसून तेजलचं नाव शोधायला लागले. अकरा वाजून गेले होते, दुपारपर्यंत कचेरी गाठायची होती. तेवढ्यात टेबलाशी कुणीतरी येऊन उभं राहिलं.

"बोनाफाईड मिळेल का?"

नवनाथरावांनी मान वर केली नाही, आवाजही ओळखला नाही. वीस वर्षांची सवय.

"कामात आहे. उद्या या."

टेबलावर असा हात आपटला, की शिक्क्याचं पॅड उडून रजिस्टरवर पडलं. त्यांनी दचकून वर पाहिलं. समोर छाया उभी होती आणि तिच्या पिशवीत टेप खट् करून थांबला.

हात आपटल्याचा हा आवाज मात्र कॅसेटवर अगदी स्वच्छ आला.