शंभर हर्ट्झच्या गनिमाचे पारिपत्य

ऐकणारांनी कान शाबूत ठेवून ऐकावे. तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्या, एक दिवाणखाना व एक मुदपाकखाना इतक्या मुलखात जी थोर मोहीम जाहली, तिचे वर्तमान ज्याने त्याने आपल्या सोयीने सांगून नासविले, सबब खरे ते लिहून ठेवणे प्राप्त जाहले. लिहिणाराने पदरचे काही घातले नाही. घातले असेल ते शोभेपुरते.

त्या मुलखी मातुश्री बाईसाहेब राज्य करीत. चाळीस वर्षे त्यांनी गाणे शिकविले आणि कान ऐसा की शेजारी भांडे पडले तर ते कोणत्या सुरात पडले हे सांगावे. त्यांचे चिरंजीव विम्याच्या कचेरीत अंमलदार. सूनबाई पंख्यांच्या कारखान्यात आवाज-तपासनीस, म्हणजे कोणता पंखा किती कुरकुरतो हे संगणकावर मोजून त्यास पास की नापास ठरविण्याचा अखत्यार त्यांजकडे. ऐसे तिघे सुखाने नांदत असता मातुश्रींच्या खोलीवर गनीम चालून आला.

गनीम दिसेना. खर्जातला एक घुमारा, दिवसरात्र, उशाच्या बाजूने. चिरंजीवांनी भिंतीस कान लाविला, त्यांस काही ऐकू न ये. मग कानाच्या डॉक्टरांकडे स्वारी नेली. तेथे फर्मान सुटले की वयोमानाने कान वाजतात, सवय करावी. चिरंजीवही मायेने बोलले, "आई, वयच आहे. तू मनाला लावून घेऊ नकोस," आणि ते मायेचे बोलणेच जिव्हारी लागले. ज्याचा कान खोटे बोलतो त्याने दुसऱ्याचा सूर कोणत्या तोंडाने दुरुस्त करावा, ऐसे मनी आणून मातुश्रींनी शिष्यांस निरोप दिला आणि पेटी कपाटावर चढविली. सूनबाईंनीही त्या समयी मान डोलाविली होती, हे लपविणे आम्हांस शोभत नाही.

ऐसे दोन महिने गेले. मग एके रविवारी सासूसुना मटार सोलीत बैसल्या असता मातुश्री एकाएकी म्हणाल्या, "अगं, कानच वाजत असेल तर माझ्या बहिणीकडे चार दिवस राहिले तेव्हा का नाही वाजला? आणि सूर कधी तसूभर हलत नाही बघ. पेटीची पांढरी पाच, पण केसभर चढी."

सूनबाईंचा हात शेंगेवरच थांबला. कारण खर्जातली पांढरी पाच, ती पेटीची पाचवी पांढरी पट्टी, म्हणजे सेकंदास अठ्ठ्याण्णव कंपने, केसभर चढी म्हणजे शंभर, आणि घरच्या विजेवर चालणारी यंत्रे गुणगुणतात ती नेमकी शंभरावर. हा आकडा कारखान्यात रोज डोळ्यांसमोर आणि घरी ध्यानात आला नाही, याची शरम वाटून त्या बोलल्या, "आई, हे मी आधीच मोजायला हवं होतं."

"मोज मग," मातुश्री म्हणाल्या. "आणि खोटं निघालं तर तेही तोंडावर सांग."

लागलीच संगणक व लांब तारेचा माइक घेऊन सूनबाई खासा मोहिमेवर निघाल्या. या संगणकातील हिकमत ऐसी की माइकाने ऐकलेल्या आवाजातील सूर निरनिराळे करून पडद्यावर मांडावे, डावीकडे खर्ज, उजवीकडे टीप, आणि जो सूर जोरकस त्याचा सुळका उंच. पहिला हल्ला फसला. छताचा पंखा, रस्त्यावरची गाडी आणि खुद्द मातुश्रींची खुर्ची यांनी पडद्यावर ऐसी झुंबड केली की आप्तपर कळेना. मग पंखा बंद, खिडक्या बंद, सर्वांनी श्वास जपून घ्यावा ऐसा हुकूम, आणि मिनिटभराची सरासरी घेतली. आले-गेले आवाज बसले, आणि बरोबर शंभरावर एकच सुळका, निमुळता, ताठ उभा राहिला.

मातुश्री पडद्याकडे पाहून पदराने चष्मा पुसू लागल्या, वास्तविक तो स्वच्छ होता.

चिरंजीवांनी आकडा कबूल केला, परंतु गनीम आपल्या मुलखीचा नव्हे, वरच्या मजल्याचा, ऐसे ठासून सांगितले. आणि घरातील तमाम यंत्रे बंद करून पाहण्यास परवानगी दिली, मात्र दिवाणखान्यातील माशांच्या पेटीस हात लावू नये, हवेचा पंप थांबला तर मासे गुदमरतील, ऐसे कलम घातले. त्याप्रमाणे फ्रिज पाडिला, टीव्ही पाडिला, इंटरनेटचा डबाही पाडिला. दूध नासले. सुळका हलला नाही.

मग चिरंजीव वकील होऊन वरच्या काकूंकडे गेले. काकूंनी दार सताड उघडून जाब दिला, "या, खुशाल मोजा! आणि मोजून झालं की तुम्ही दार किती आपटता तेही मोजा." वर मोजले. शंभरावर सपाट मैदान. चिरंजीव जिना उतरले, आणि घरात शिरताना त्यांनी दार हलके लाविले.

मग सूनबाईंनी भिंतीभिंतीने मोर्चे लाविले. माइक जसजसा मातुश्रींच्या उशाच्या भिंतीकडे सरके तसतसा सुळका चढे, आणि त्या भिंतीच्या पलीकडे लाकडी फळी, फळीवर माशांची पेटी, आणि पेटीमागे भिंतीस टेकून मुठीएवढा पंप. चिरंजीव आडवे येऊन उभे राहिले.

"बंद करायचा नाही!"

"बंद नको करूस," सूनबाई म्हणाल्या. "नुसता उचलून हातात धर. हवा चालूच राहील."

मातुश्रींनी आपले खोलीत दार लोटून बैसावे, कोणी खूण करू नये, ऐसे ठरले. चिरंजीवांनी पंप अलगद उचलिला. पडद्यावरचा सुळका कोसळला, आणि त्याच क्षणी दाराआडून आवाज आला, "गेला!"

खाली ठेविला. "आला."

तेव्हा चिरंजीवांस कपट सुचले. पंपास बोटही न लाविता ते मोठ्याने ओरडले, "आई, उचलला बरं का!"

"कुठे उचललास? आहे की तिथंच," दाराआडून जाब आला.

मग त्यांनी पुन्हा खरोखर उचलिला. "गेला." या खेपेस तो खाली ठेवणे त्यांच्याने होईना. जे दोन महिने कानास कळले नव्हते ते तळहातास कळत होते. पंप मुठीत धरलेल्या पाखरासारखा थरथरत होता, आणि हा आपणच हौसेने आणून आईच्या उशाशी बसविला, हे ध्यानी येऊन अंमलदारांचा चेहरा उतरला. ते तसेच पंप धरून, नळी जाईल तितके दाराकडे सरकले.

"आई, चुकलं माझं. कान तुझा ठीक होता."

"ते मला माहीत होतं रे," आतून आवाज आला, आणि थोडे थांबून, "नाही, खरं सांगू? मलाही नव्हतं माहीत राहिलं."

मग तह जाहला तो ऐसा की पंप भिंतीपासून वीतभर दूर, भांडी घासण्याच्या दोन नव्या स्पंजांवर राहावा. पुन्हा मोजले, सुळका आसपासच्या बारीक आवाजांच्या गवतात मिळून गेला. माशांकडील एकही जीव कामी आला नाही. पडद्यावरील चित्राची नक्कल डॉक्टरांकडे रवाना केली, त्यांचा जाब अद्याप येणे आहे.

येणेप्रमाणे मातुश्रींचा कान फत्ते होऊन मूळ मालकाचे ताब्यात आला. तिसरे दिवशी पेटी कपाटावरून उतरली, आणि जुनी शिष्या, पोस्टातील कारकून बाई, धावत येऊन गाऊ लागली. दुसऱ्याच सुरावर मातुश्रींनी हात वर केला. "उतरलीस." शिष्येने संशयाने दिवाणखान्याकडे पाहिले, तेथे सूनबाईंचा माइक अद्याप लावलेला होता आणि पडदा उजळलेला. सूनबाईंनी पडद्याकडे न पाहता संगणक मिटला. शिष्येने तो सूर पुन्हा लाविला.