व्हिडिओतले सर

जिन्यावरून उतरताना विज्ञानाच्या सरांचा पाय मुरगळला आणि परीक्षा तोंडावर आलेली असताना आठवीचा हवेचा धडा अधांतरी राहिला. वर्गात मोठा पडदा बसवला तेव्हा याच सरांनी नाक मुरडलं होतं. खडू आणि घसा एवढ्या भांडवलावर आपण नोकरी काढली, आता ही थेरं कशाला, असं ते शिक्षकांच्या खोलीत कुणी न विचारता सांगत. पण अडला हरी म्हणतात तशी गत झाली. सरांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ताटलीत पाणी ओतलं, मधोमध मेणबत्ती लावली आणि बायकोच्या हाती मोबाइल दिला. पेटत्या मेणबत्तीवर ग्लास पालथा घातला, की मेणबत्ती विझते आणि ताटलीतलं पाणी ग्लासात वर चढतं. ऑक्सिजन जळून संपला, त्याची जागा पाण्याने घेतली, असं सरांनी खणखणीत आवाजात सांगितलं. मध्येच बायको म्हणाली, "अहो, दूध उतू चाललंय." तेवढं सोडलं तर व्हिडिओ झकास झाला.

इतका झकास झाला, की सर लंगडत शाळेत परतले तोवर त्यांची जागा गेली होती. परीक्षेपर्यंत आठवीच्या सगळ्या तुकड्यांना रोज तोच व्हिडिओ दाखवायचा, असं मुख्याध्यापिकाबाईंनी ठरवून टाकलं होतं. सरांनी कुरकुर केली तर बाई म्हणाल्या, की शिकवताय तुम्हीच, वर पायालाही आराम. बटण दाबायला विज्ञान यावं लागत नाही, म्हणून 'ब' तुकडीवर खेळाचे सर आणि 'क' तुकडीवर चित्रकलेच्या बाई नेमल्या गेल्या. 'अ' तुकडीत खुद्द सर शेवटच्या बाकावर बसून स्वतःचं शिकवणं ऐकू लागले. दुधाचं वाक्य आलं, की सगळा वर्ग एका सुरात ते म्हणायचा. चाचणीत एका मुलाने प्रयोगाच्या कृतीत 'दुधाकडे लक्ष ठेवावे' असंही लिहिलं. सरांनी गुण कापले, तर मुख्याध्यापिकाबाईंनी ते परत दिले. व्हिडिओत आहे ते चूक कसं म्हणायचं, हा त्यांचा सवाल होता.

शेवटच्या बाकावर बसायची सरांना सवय नव्हती. ऐकून ऐकून कंटाळा आला, तसे ते नुसतं बघू लागले, आणि नोकरीत पहिल्यांदाच त्यांनी आपला प्रयोग पाहिला. एरवी त्यांचं तोंड वर्गाकडे असायचं आणि पाठ मेणबत्तीकडे. आता त्यांना दिसलं, की ज्योत जळत असताना पाणी जागचं हलतच नाही. ते चढतं ज्योत विझल्यावर, तेही भसकन. ऑक्सिजन जळण्याने पाणी चढत असतं, तर ते जळतानाच हळूहळू चढायला नको का?

घरी जाऊन त्यांनी पुस्तकं उपसली, ताटल्या भिजवल्या, आणि खरं कारण पदरात पडलं. ज्योतीने ग्लासातली हवा तापून फुगते, थोडी कडेने बुडबुडत बाहेर जाते. ज्योत विझली की उरलेली गार होऊन आक्रसते आणि बाहेरची हवा पाण्याला आत रेटते. इतकं साधं होतं ते. आपण वर्षानुवर्षं पोरांच्या गळी भलतंच उतरवलं, याचं सरांना फार वाईट वाटलं. त्या पोरांत त्यांची स्वतःची मुलगीही होती. ती आता दुसऱ्या गावी भौतिकशास्त्र शिकवत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात चूक कबूल करून टाकली. वर्गात एक मुलगी होती, तिचं प्रत्येक वाक्य 'पण'ने सुरू व्हायचं, म्हणून सगळे तिला पणताई म्हणत. ती उभी राहिली.

"पण सर, ते सर तर वेगळं सांगतात."

"अगं, ते सर म्हणजे मीच."

"पण ते नीट सांगतात. त्यांना थांबवता येतं."

हे सरांना फार लागलं. ते तडक मुख्याध्यापिकाबाईंकडे गेले आणि व्हिडिओ बंद करा म्हणाले. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. प्रश्नपत्रिका छापून झाल्या होत्या आणि उत्तरं व्हिडिओप्रमाणे ठरली होती.

"सर, एवढी परीक्षा होऊन जाऊ द्या," बाई म्हणाल्या. "मग खरं काय ते सांगा."

सरांनी हट्टाने वर्गातच ताटली मांडली. मेणबत्ती लावली, ग्लास पालथा घातला आणि हवा कशी तापते, कशी फुगते, ते सवयीने घडाघडा सांगायला लागले. मुलं माना खाली घालून लिहू लागली. सर बोलत असतानाच मेणबत्ती विझली, पाणी चढलं, आणि ते कुणीही पाहिलं नाही.

"पण सर, जरा मागे घ्या ना," पणताई म्हणाली.

मागे कुठून घेणार? सरांनी मेणबत्ती पुसून पुन्हा पेटवली, मुलांना वह्या मिटायला लावल्या आणि स्वतःचं तोंडही मिटलं. हे दुसरं फारच जड गेलं. ज्योत बारीक होत विझली. पाणी थबकल्यासारखं झालं आणि मग ग्लासात वर सरकलं. "विझल्यावर चढलं," कुणीतरी हळूच म्हणालं. सरांना भरून आलं. एवढंसं गप्प बसायचं होतं, आणि ते आपल्याला म्हातारपण येईतो जमलं नाही.

तेवढ्यात भिंतीपलीकडच्या 'ब' तुकडीतून त्यांचाच खणखणीत आवाज आला. ऑक्सिजन संपला, म्हणून पाणी वर चढलं. आलं ना लक्षात? तिकडची सगळी मुलं एकदम "हो सर" म्हणाली. इकडचा वर्ग सरांकडे बघू लागला.

"पण सर," पणताई म्हणाली, "त्या सरांना आता कोण सांगणार?"

सर लंगडत बाहेर आले, 'ब' तुकडीच्या दाराशी गेले आणि आत पाऊल टाकणार, तोच दाराजवळ खुर्ची टाकून बसलेल्या खेळाच्या सरांनी त्यांच्यापुढे हात आडवा धरला. त्यांची नजर पडद्यावर होती.

"जरा नंतर या," ते दबक्या आवाजात म्हणाले. "सर शिकवतायत."