सात नंबरची बेल

माझ्या हाताखाली एकशे चाळीस ड्रायव्हर आहेत! बस डेपोत कोणी, कुठल्या गाडीवर, किती वाजता बसायचं याचा तक्ता मी लावते. अकरा वर्षांत एकही ड्रायव्हर मी बसवलेल्या सीटवरून हललेला नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, ही बाई डेपो चालवते की नुसत्या गप्पा मारते.

त्या रविवारी मला फक्त एका माणसाला एका खुर्चीत दोन तास बसवायचं होतं. माझ्या बाबांना!

झालं असं, की माझ्या धाकट्या बहिणीनं स्वतःचं लग्न स्वतःच ठरवलं. मुलगा दातांचा डॉक्टर. दोघांची ओळख झाली एका कोरियन फ्राईड चिकनच्या हॉटेलात, म्हणून दोन्ही घरांची पहिली भेटसुद्धा तिथेच व्हायला हवी असा दोघांचा हट्ट. मी म्हटलं, होऊ दे! चिकनच्या हॉटेलात काय, मी चंद्रावरसुद्धा बैठक बसवून दाखवीन.

बाबांचा चेहरा मात्र ऐकल्यापासून उतरला.

"मी काय बोलणार गं त्यांच्याशी? तुझी आई असती तर तिनं सांभाळून घेतलं असतं."

आई जाऊन तीन वर्षं झाली. घरातलं बोलायचं खातं सगळं तिच्याकडे होतं. बाबा एका मोठ्या हेड ऑफिसात शिपाई. अडतीस वर्षं साहेबांच्या दाराबाहेर स्टुलावर बसले. आत बेल वाजली की उठायचं, काम करायचं, परत स्टुलावर यायचं. नऊ साहेब बदलले, स्टूल दोनदा बदललं, बाबा तेच.

"खुर्चीत बसून चार माणसांत बोलायची मला सवय नाही," ते म्हणाले. "माझ्या एखाद्या शब्दानं पोरीचं बिनसलं तर?"

"काही बिनसत नाही! तुम्ही फक्त खुर्चीतून उठायचं नाही. व्याही आले की विचारायचं, प्रवास कसा झाला. बाकी मी बघते."

एक वाजताची वेळ ठरली होती. बाबांना बसायचा सराव व्हावा म्हणून मी साडेबारालाच त्यांना घेऊन पोचले. हॉटेल छोटंसं. दहा टेबलं, मधे माणसाच्या डोक्याइतक्या उंच लाकडी फळ्या, त्यामुळे शेजारी कोण बसलंय ते दिसायचं नाही. स्वयंपाकघराच्या दारावर एक काळा फलक. प्रत्येक टेबलाच्या कोपऱ्यात एक गोल बटण. ते बटण मी पाहिलं होतं हो! पण डोक्यात प्रकाश पडला नाही.

आम्ही तीन नंबरला बसलो. बाबा इस्त्रीच्या शर्टात, दोन्ही हात गुडघ्यांवर. मी म्हटलं, "छान! आता असेच..."

टिंग-टाँग!

फलकावर लाल दिव्यात पाचचा आकडा पेटला. आणि बाबा ताडकन उभे!

"बाबा, बसा! ती बेल तुमच्यासाठी नाही."

"माहीत आहे गं. पण पाय ऐकत नाहीत."

बसले. टिंग-टाँग! नऊ नंबर. उभे! बसले. टिंग-टाँग! उभे! पंधरा मिनिटांत माझ्या बापानं इतक्या बैठका मारल्या, की शाळेतल्या पीटीच्या सरांनी शाबासकी दिली असती.

त्यात वाढणारी बाई त्या दिवशी सुट्टीवर. मालकीणबाई एकट्या, एकीकडे तळणी, दुसरीकडे दहा टेबलं. कोंबडी तिथे दोनदा तळतात. एकदा काढतात, थांबतात, पुन्हा सोडतात, म्हणून तिची साल पापडासारखी कुरकुरीत होते. आता दुसऱ्यांदा सोडलेली कोंबडी टाकून ती बाई बेलमागे कशी धावणार?

सात नंबरची बेल तिसऱ्यांदा वाजली. बाबा उभेच राहिले.

"पहिली बेल म्हणजे काम आहे," ते हळूच म्हणाले. "दुसरी बेल म्हणजे घाई आहे. तिसरी बेल म्हणजे कोणीतरी अडचणीत आहे. मी नुसतं बघून येतो."

"बाबा!"

गेले! तेवढ्यात माझा फोन वाजला. धाकटी!

"ताई, याच्या दवाखान्यात ऐनवेळी एक दाढ आली गं! ती काढून आम्ही दोघं एकदमच येतो. त्याचे आईबाबा निघालेत. तू दारात थांब, त्यांना नीट आत घेऊन बस!"

मी दारात उभी. फोटोत व्याह्यांना भरघोस मिशा होत्या. पाचच मिनिटांत एक जोडपं आलं. मिशा भरघोस! मी अशी काही झेप घेतली, की ते गृहस्थ दचकून पायरीवर अडखळले.

"या, या! प्रवास कसा झाला?"

"चांगला... झाला," ते म्हणाले.

मी त्यांना तीन नंबरला बसवलं. पाणी ओतून दिलं. आणि दहा मिनिटं, न थांबता, धाकटीचे गुण सांगितले. ती कशी शांत, कशी समजूतदार, रागावली तरी जेवण कशी टाकत नाही! बाईंनी दोनदा नवऱ्याकडे पाहिलं. शेवटी ते मिशीवाले फार नम्रपणे म्हणाले, "बाई, हे सगळं फारच छान आहे. पण मेनू कार्ड मिळेल का?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे व्याही नव्हते! हे रविवारचं चिकन खायला आलेलं एक निष्पाप जोडपं होतं.

मग व्याही कुठे होते? ते आमच्याही आधी, सव्वाबारालाच येऊन सात नंबरला बसले होते. मिशा गेल्या वर्षीच काढल्या होत्या. आता सात नंबरला काय झालं, ते मला विहीणबाईंनी पुष्कळ दिवसांनी सांगितलं. पण तुम्हाला आत्ताच सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

बाबा गेले तर आत एक गृहस्थ घाम पुसत बसलेले.

"दादा, तुम्ही इथलेच ना?" त्यांनी विचारलं. "तुमच्याकडे काही मऊ मिळेल का हो? हाडाशिवायचं?"

"यांना चावत नाही," विहीणबाई कुजबुजल्या. "नवी कवळी आहे. खालची बाजू बोलता बोलता उचलून येते."

"मग डॉक्टरांना दाखवायची, साहेब," बाबा म्हणाले.

"तीच तर पंचाईत आहे! डॉक्टर म्हणजे आमचाच मुलगा. रात्र रात्र बसून त्यानं स्वतःच्या हातानं बापासाठी केली. रोज विचारतो, बसली ना नीट? मी म्हणतो, एकदम फिट्ट! आता कुठल्या तोंडानं सांगू? आणि आज पहिल्यांदा मुलीकडचे भेटणार. तिचे वडील म्हणे हेड ऑफिसात होते. मोठा माणूस असणार. त्यांच्यासमोर माझी कवळी ताटात पडली तर?"

बाबांना तिथल्या तिथे सगळं समजलं. हेच व्याही! दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, अहो, मीच तो मुलीचा बाप. पण बाबा गप्प राहिले. वाढपी समजून सांगितलेलं गुपित व्याही म्हणून कसं ऐकून घ्यायचं?

"घाबरू नका, साहेब," ते म्हणाले. "मुलीचा बापही घाबरलेलाच असतो. तुम्ही फक्त खुर्चीतून उठू नका."

माझंच वाक्य! मलाच न विचारता वापरलं!

आणि बाबा तडक स्वयंपाकघरात शिरले. मालकीणबाईंनी 'कोण, कुठले' काही विचारलं नाही. एप्रन अंगावर टाकला आणि कात्री हातात दिली. बाबांनी आधी पाच नंबरला मुळ्याच्या आंबट फोडी पोचवल्या, नऊ नंबरला खाताना घालायचे प्लॅस्टिकचे हातमोजे. मग चिमट्यात तंगडी धरून, कात्रीनं मांस हाडावरून सोडवून, कडक साल बाजूला काढून, बारीक बारीक तुकडे केले. त्यावर लसणाचा रस्सा घातला.

ती बशी घेऊन बाबा सात नंबरला पोचले. दारातून धाकटी आणि डॉक्टर आत शिरले. आणि बाबांना शोधत मी तिथेच धडकले.

"आई, बाबा, तुम्ही आलात पण?" डॉक्टर म्हणाला.

"बाबा!" धाकटी किंचाळली. "हे अंगात काय घातलंय?"

व्याही एकदा तिच्याकडे बघतात, एकदा एप्रनकडे. "हे... तुझे बाबा?"

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, संपलं! मुलीचा बाप वाढप्याच्या वेशात सापडला, आता हे उठणार आणि लग्न मोडणार. धाकटीच्या डोळ्यांत पाणी जमायला लागलं होतं. मला काय ठाऊक, की व्याह्यांना भीती कसली वाटतेय! त्यांचं गुपित आता त्यांच्या मुलासमोर बशीत वाढलेलं होतं.

"हे असं कापलेलं चिकन कोणी मागवलं?" डॉक्टरनं बशीकडे बघत विचारलं. "इथे तर सगळे हाडासकटच खातात."

आणि मग माझे बाबा, जे चार माणसांत बोलत नाहीत, ते बोलले.

"मी मागवलं. माझ्यासाठी. मला दातांचा त्रास आहे. चावत नाही."

मी आ वासून बघत राहिले! माझा बाप अक्रोड दाढेखाली फोडतो! मी म्हणाले, "अहो बाबा, काय बोलताय, तुम्ही तर..."

तेवढ्यात माझ्या पायावर कोणाचा तरी पाय पडला. बाबांचा असेल असं वाटलं, पण नंतर कळलं, विहीणबाईंचा होता.

दातांच्या डॉक्टरसमोर दात दुखतो म्हणणं म्हणजे मांजरासमोर दुधाचं पातेलं उघडणं! त्यानं लगेच मोबाईलची बॅटरी पेटवली.

"काका, आ करा."

"इथे? नको, नको, नंतर..."

"मुलीच्या वडिलांचे दात मी नंतर बघू? आ करा!"

फळ्यांवरून डोकी वर आली. पाच नंबर बघतोय, नऊ नंबर बघतोय, तीन नंबरचे मिशीवाले तर खुर्चीवर चढले होते. बाबांनी शरणागती पत्करली आणि तोंड उघडलं.

डॉक्टर बघत राहिला. बत्तीसच्या बत्तीस! एक कीड नाही, एक फट नाही. त्यानं बॅटरी बंद केली. बशीकडे पाहिलं, मग आपल्या वडिलांकडे. व्याही मुळ्याच्या वाटीत नजर घालून बसले होते.

"त्रास आहे खरा," तो सावकाश म्हणाला. "काका, खालच्या बाजूला उचलल्यासारखं होतं का?"

बाबांनी व्याह्यांकडे चोरून पाहिलं. व्याह्यांनी मान अगदी नखभर हलवली.

"होतं," बाबा म्हणाले.

"बोलतानासुद्धा?"

पुन्हा नखभर मान.

"बोलतानासुद्धा."

"मग मला आधी सांगायचं ना." त्याचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला. "ज्यानं केलं त्याचं चुकलं असेल. त्याला काय वाटायचंय?"

"करणाऱ्यानं फार मायेनं केलेलं असतं," बाबा म्हणाले. "जीभ रेटत नाही."

"उद्या सकाळी दवाखान्यात या. दहा मिनिटांचं काम आहे, घासून नीट करतो." हे तो बाबांशीच बोलत होता, पण हात वडिलांच्या पाठीवर होता. मग त्यानं त्या बशीतला एक तुकडा उचलून तोंडात टाकला. "आणि आज सगळे असंच खाऊ. असंच छान लागतं."

व्याह्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, लसूण जरा झणझणीत आहे. मग बाबांकडे वळले. "व्याहीबुवा, हेड ऑफिसात तुम्ही नक्की काय होतात हो?"

"शिपाई," बाबा म्हणाले.

"तरीच," व्याही म्हणाले आणि त्यांनी उठून बाबांना मिठी मारली. दोघंही खुर्चीतून उठलेले! मी डोळे टिपले. माझाही लसूण झणझणीत होता.

धाकटीचं लग्न झालं. कवळी आता इतकी पक्की बसलीय, की व्याही तंगडी मोडतात त्याचा आवाज तीन टेबलांवर जातो. दर रविवारी दोघे व्याही तिथे जातात. पण परवा विहीणबाईंचा फोन आला.

"अहो, तुम्ही एकशे चाळीस ड्रायव्हर बसवता ना? मग या दोघांनाही बसवा की! बेल वाजली की आता हेही उठतात. चार घास माझ्याबरोबर बसून खात नाहीत."

मी म्हटलं, बघतेच! गेल्या रविवारी जाऊन दोघांना तीन नंबरला भिंतीच्या बाजूला कोंबलं, बाहेरच्या बाजूला स्वतः आडवी बसले आणि बजावलं, "कोणी हलायचं नाही!"

टिंग-टाँग! सात नंबर. दोघं चुळबुळले, पण बसले. टिंग-टाँग! दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. टिंग-टाँग! तिसरी बेल!

आता त्यांना बाहेर पडायला मीच आडवी ना! तेव्हा कोणीतरी जायलाच हवं होतं. मी उठले, सात नंबरला गेले. आत तेच मिशीवाल्यांचं जोडपं!

"बाई," ते म्हणाले, "प्रवास चांगला झाला. धाकटीही बरी असेल. आता तरी मेनू कार्ड आणता का?"

आणलं. काय करता!