न्हाणीत रुसलेले जावईबापू

"फॅन बसवायला मिस्त्री बोलवायचा? माझ्या घरात?" आसारामनं कपाळावर हात मारला. "अगं, उभी हयात कारखान्याच्या बायलरवर पंखा चालवला मी! माणसाएवढा पंखा! त्याच्यापुढं हे बाथरूमचं भिंगरीएवढं लेकरू म्हंजी काय!"

केशरबाई नुसत्या "बरं" म्हणाल्या. संसार इतका जुना झाला की "बरं" या एका शब्दात "करा काय करायचं ते, पण निस्तरायला मला हाक मारू नका" एवढं सगळं मावतं.

आता हा फॅनचा विषय का निघाला, ते सांगतो. आसारामची एकुलती एक लेक धनश्री वैशाखात नगरला दिली. जावई ओंकार, एमआयडीसीत इंजिनियर, स्वभावानं अगदी साधा. पण नेवाशाजवळच्या या घराच्या न्हाणीला खिडकी नव्हती. लग्नानंतर पहिल्यांदा आला तेव्हा सासूबाईंनी प्रेमानं कढत पाणी काढून दिलं, आत वाफ कोंडली आणि जावईबापू पांढरेफटक होऊन बाहेर आले. "मामा, जरा गुदमरल्यासारखं होतंय," एवढंच म्हणाले आणि संध्याकाळी दोघंही नगरला परत! दुसऱ्या खेपेलाही तेच. लग्न झाल्यापासून लेक माहेरी एक रात्र राहिली नव्हती. केशरबाईंनी तिच्या उशीला नवा अभ्रा घातला होता, तो तसाच कोरा करकरीत होता.

आता पहिली दिवाळी आली. धनश्री फोनवर म्हणाली, "बाबा, राहावंसं लई वाटतं हो. पण ह्यांना तिथं आंघोळीचं जमत नाही."

 आसारामनं आवाज बायलरचाच ठेवला. "तू बॅग भरून ये! भाऊबीजेपर्यंत न्हाई ठेवून घेतलं तर नावाचा आसाराम न्हाई! एक्झॉस्ट फॅन बसवतो!"

फॅन आणला. भिंतीला भोक पाडलं. पण भिंतीच्या पलीकडं चुलतभावाची हद्द! "आपली वाफ त्याच्या हद्दीत गेली तर उद्या मोजणी आणंल तो," आसाराम म्हणाला. मग त्यानं पाण्याचा जाडा पाइप घेतला, दोन ठिकाणी वाकवला आणि घराला वळसा घालून थेट मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये काढला. शेडात मोठी चूल. पाइपाचं तोंड बरोबर चुलीच्या वर. "वाफ शेडात, शेड आपलं, कज्जा मिटला!"

फॅन सुरू केला. आसारामनं न्हाणीत कागदाची पट्टी धरली. पट्टी झेंड्यासारखी फडफडली.

"अवो, पण वारा आत येतोय का बाहेर जातोय?" केशरबाईंनी विचारलं.

"अगं, वारा तो वारा! पंखा फिरला, कागद हालला, झालं!"

इथंच घोडं पेंड खात होतं. आसारामनं जन्मभर चालवला तो पंखा बायलरच्या भट्टीत वारा मारायचा, उसाचं चिपाड धडाधड पेटावं म्हणून. हाताला सवय तीच. त्यानं इथंही पंखा तसाच बसवला. बाहेरची हवा आत! पण न्हाणीत गार वारा येत होता, त्यामुळं सगळे खूश. वर आसारामनं जुन्या छतपंख्याचा रेग्युलेटर काढून तोही न्हाणीबाहेर लावला. "जावईबापूंना जसा पाहिजे तसा वारा!"

दिवाळीची पहिली आंघोळ उजाडली. धनश्रीनं नवऱ्याला पाटावर बसवून तेल चोळलं, उटणं लावलं आणि ती पुढच्या दारी रांगोळी काढायला गेली. ओंकार उटण्यानं माखलेल्या तोंडानं न्हाणीत शिरला, कडी लावली. आसाराम हात मागं बांधून रेग्युलेटरपाशी उभा राहिला. अगदी ड्यूटीवर असल्यासारखा.

तेवढ्यात मागच्या शेडात मालनबाईंनी चूल पेटवली. मालनबाई म्हणजे आसारामची थोरली बहीण. दर दिवाळीला फराळ करायला येणार आणि भावाच्या प्रत्येक कामाला नाव ठेवणार. त्यांनी चिवड्याच्या फोडणीला तेल तापवलं आणि पसाभर हिरवी मिरची सोडली. चर्रर्र! दरवर्षी या क्षणाला मालनबाई पदर तोंडावर घेऊन अंगणात पळतात. औंदा ठसकाच नाही! धूर सरळ वर जाऊन पाइपात शिरला.

"आगं बया!" मालनबाई चकित झाल्या. "केशर, तुझ्या नवऱ्यानं जन्मात एक काम धड केलं गं! धूर कसा गिळतोय बघ पाइप!" आणि धूर नाहीच म्हटल्यावर त्यांनी अजून दोन मुठी मिरच्या टाकल्या.

इकडं न्हाणीत काय झालं असेल, ते तुम्हीच ताडा. आतून धप्प आवाज आला. मग तांब्या पडला. मग दार बडवल्याचा आवाज. फॅन एवढा घरघरत होता की शब्द काही कळेना.

"गुदमरतंय वाटतं त्यांना!" केशरबाई धावत आल्या.

"थांब, वाढवतो!" आसारामनं रेग्युलेटर एक घर पुढं सरकवला.

दार दुप्पट जोरात वाजायला लागलं.

"अवो, गुदमरंल कशानं? फॅन तर फिरतोय." केशरबाईंचे डोळे एकदम मोठे झाले. "मला कळलं! रुसलेत! पहिली दिवाळी हाय, जावई रुसणारच. आपण आहेर काय देणार ते बोललोच न्हाई!"

"न्हाणीत?" आसाराम म्हणाला. ताटावर रुसलेले जावई त्यानं पाहिले होते. मांडवात रुसलेले तर पैशाला पासरी. न्हाणीत रुसलेला हा पहिलाच!

पण रुसवा तो रुसवा. आसारामनं दाराला तोंड लावलं. "जावईबापू! अंगठी देणार हाय! सोन्याची!"

धाड! धाड! धाड!

"अंगठीनं भागत न्हाई," केशरबाई कुजबुजल्या.

"गोफ! गळ्यातला गोफ देतो!" रेग्युलेटर आणखी एक घर पुढं. चिडलेल्या माणसाला गार वारा बरा, असा त्यात आसारामचा विचार.

आतून अशी काही किंकाळी आली की दारातलं कुत्रं उठून पळालं.

"गाडी म्हणतायत बहुतेक!" केशरबाई म्हणाल्या.

"देतो! मोटरसायकल देतो! बाहेर या, लेकीसाठी तरी या!" शेवटचे शब्द म्हणताना आसारामचा आवाज खरंच कापला. मोटरसायकल कुठून आणायची ते नंतर बघू. पण हा माणूस रुसून गेला तर धनश्रीही जाणार, आणि उशीचा तो अभ्रा पुन्हा कोराच राहणार! त्यानं रेग्युलेटर पार शेवटच्या घराला नेला आणि सगळं बळ एकवटून ओरडायला छातीभर श्वास घेतला.

तेवढ्यात धनश्री धावत आली आणि तिनं दाराला कान लावला. "बाबा! ते रुसले नाहीत, खोकतायत! फॅन बंद करा आधी!" आणि तिनं खाडकन बटण बंद केलं.

फॅन थांबला. त्या शांततेत आसारामचं ओरडणं अख्ख्या गल्लीत घुमलं, "चारचाकी घेऊन देतो!"

इतका वेळ मिटल्या डोळ्यांनी न सापडलेली कडी अखेर हाताला लागल्याचा आवाज आला आणि दार उघडलं. ओंकार बाहेर आला. पंचा कसाबसा गुंडाळलेला, अर्ध्या तोंडाला उटणं, डोळे टोमॅटोसारखे. मागून मिरचीचा असा लोट आला की सासू, सासरा, बायको, तिघंही एका सुरात शिंकले.

"मामा," ओंकार खोकत म्हणाला, "चारचाकी नको. एक टॉवेल द्या."

सगळं लक्षात यायला मालनबाईंचा झारा हातात घेऊन झालेला प्रवेश पुरला. "काय झालं? फॅन का बंद केला? माझ्या डोळ्यात धूर जायला लागला की!"

 घरात धनश्री बॅगेपाशी गेलेली आसारामला दिसली. तिनं बॅग उचलून पलंगावर ठेवली आणि चेन ओढली. त्या आवाजानं आसारामच्या काळजात चर्र झालं. मिरचीपेक्षा जास्त. पोरीसाठी करायला गेलो आणि पोरीचंच माहेर मोडलं, असं त्याला वाटलं. तो पायरीवर मटकन बसला.

ओंकारनं डोळे धुतले, अंग पुसलं, पँट चढवली आणि स्टुलावर चढून फॅन बघितला. बघितला आणि हसायलाच लागला. "मामा, हा उलटा बसवलाय!"

"उलटा कसा? बायलरला असाच असतो. वारा भट्टीत मारायचा."

"म्हणजे मी भट्टीत होतो तर!" ओंकार आणखी हसला. मग त्यानं छाती पुढं काढली. "सोडा मामा. तुमच्या हातची कामं नाहीत ही. आमच्या कंपनीत सगळं डक्टिंग, हवेचे पाइप, मीच बघतो. दोन मिनिटांचं काम आहे. पाना द्या!"

दोन मिनिटांचं काम दुपारपर्यंत चाललं. पण फॅन सुलटा झाला. धनश्रीनं बॅग उघडली होती ती नवऱ्याला कोरडा शर्ट काढून द्यायला, हे जावयाच्या अंगावर तो शर्ट दिसला तेव्हा आसारामला कळलं. दुसऱ्या दिवशी ओंकारनं मनसोक्त कढत पाण्यानं आंघोळ केली. वाफ सुसाट पाइपात शिरली आणि मागच्या शेडात, मालनबाईंनी परातीत गार करत ठेवलेल्या नव्या चिवड्यावर उतरली.

"सादळला! समदा चिवडा सादळला!" मालनबाई परात घेऊन अंगणात आल्या. "पोहे न्हाई, चिखल झालाय! तुज्यापरीस आसारामचा फॅन बरा हुता रे बाबा!"

ओंकारचं तोंड बघण्यासारखं झालं. "आत्या, चूक फॅनची नाही, पाइपाची आहे," तो घाईघाईनं म्हणाला. "पाइप छतावरून काढायला हवा. मी काढतो! आजच काढतो! झाल्याशिवाय नगरला जायचा नाही!"

धनश्रीनं आईकडं बघितलं. आईनं आसारामकडं. आसाराम आभाळाकडं बघत होता.

"मामा, पाना कुठंय?" ओंकारनं विचारलं.

आता, उभ्या हयातीत आसारामचं एक हत्यार कधी हरवलं नव्हतं. कारखान्यात त्याचा पाना मागायलाही लोक भीत.

"आं? पाना?" आसाराम म्हणाला. "हितंच तर हुता. कुठं गेला कुणास ठाऊक! घाई कशाला करता, भाऊबीजेपतुर सापडंल की!" आणि तो ऐटीत पायरीवर टेकला.

"अयाई गं!" लगेच किंचाळून उभा राहिला.

केशरबाईंनी शांतपणे नवऱ्याच्या मागच्या खिशाला हात घातला, पाना काढला, पदराखाली झाकला आणि जावयाला म्हणाल्या, "काय न्हाई हो, त्यांची कंबर धरतीय मधनंच."