गजभिये सरांचं बंदर

गजभिये सर डावं-उजवं मानत नाहीत. त्यांना दिशा लागतात. रिक्षावाल्याला ते सांगतात, "रामदासपेठेच्या चौकातून जरा वायव्येले घे." रिक्षावाला गाडी थांबवून मागे वळतो. "म्हणजे राइट का, काका?" सर शांतपणे म्हणतात, "तुझं तोंड कुठं आहे त्यावर अवलंबून आहे."

धरमपेठेतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते पहिल्या मजल्यावर राहतात, आम्ही दुसऱ्या. एकदा सरांनी आम्हाला जेवायला बोलावलं, तेव्हा नीलिमाला, म्हणजे माझ्या बायकोला म्हणाले, "ताई, लोणचं थोडं आग्नेयेले सरकवा." तिनं नेमकं तिकडंच सरकवलं. तेव्हापासून त्या घरात तिला मान आहे, मला नाही.

सर कुहीच्या शाळेत चौतीस वर्षं भूगोल शिकवत होते. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर नागपुरात आले आणि पायी फेऱ्या आखायला लागले. एखादं गाव निवडायचं, त्याचे जुने-नवे नकाशे जमवायचे, थांबे ठरवायचे, सगळं एका कागदावर सुवाच्य अक्षरात लिहायचं आणि तो कागद लॅमिनेट करून आणायचा. मग गावात जाऊन त्याप्रमाणे चालायचं. कुणाला काही विचारायचं नाही.

"गाइड कशाले पाहिजे, प्रशांतभाऊ?" ते मला म्हणतात. "तो आपल्याले त्याचं गाव दाखवते. आपल्याले आपलं पाहाचं असते."

"पण रस्ता चुकला तर?"

"काहून चुकन? कागदात आहे."

या हिवाळ्यात त्यांनी वेंगुर्ल्याची फेरी काढली. जुनं बंदर, डचांची वखार, दीपस्तंभ, धक्का. मी आणि नीलिमा त्यांच्याबरोबर निघालो. गाडीत सरांनी आम्हाला भरती-ओहोटी शिकवली. पाणी कसं चढतं, होड्या कधी सुटतात, खारा वारा नाकाला कसा लागतो. अशा थाटात सांगत होते, की वरच्या बर्थवरच्या माणसानं विचारलं, "आपण कोकणातले का?" सर नुसते हसले.

कागदावर अकरा थांबे होते. प्रत्येकाखाली सूचना होत्या. 'तोंड पश्चिमेस. दोन मिनिटे शांतता.' 'येथे पाणी प्यावे. गप्पा टाळाव्यात.' पहिला थांबा बाजारात होता. सर एका काजूच्या दुकानासमोर उभे राहिले आणि मोठ्यानं वाचू लागले. दुकानदाराला वाटलं, काही सरकारी नोटीस आहे. तो हात जोडून बाहेर आला. आणखी चारजण जमले. शेवटी दुकानदार म्हणाला, "सायबानू, बसा तरी." सरांनी त्याला सांगितलं की कागदात बसायचं पाचव्या थांब्यावर आहे.

चौथ्या थांब्यावर गडबड झाली. सरांनी एका बंद भिंतीपुढे उभं राहून डच व्यापाऱ्यांची माहिती द्यायला सुरुवात केली. ही त्यांची वखार, इथं मसाल्याची पोती उतरायची, हे बघा जाड दगड. बाजूला एक म्हातारी कोळीण टोपली पुढ्यात घेऊन बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "वखार मागे रवली, बाबा. ह्यो बर्फाचो कारखानो."

सर थांबले. कागद पाहिला, भिंत पाहिली. मी आणि नीलिमा दुसरीकडे बघत उभे राहिलो, कारण हसू आवरत नव्हतं.

"तुमची खात्री आहे?" सरांनी विचारलं.

"माजो घोव हयच कामाक होतो."

नवराच इथं कामाला होता म्हटल्यावर वाद संपला. सरांनी खिशातून पेन काढून वहीत चूक लिहून घेतली, बाईंचे आभार मानले आणि जवळची एक जादा प्रत त्यांना भेट दिली. बाईंनी ती उलटसुलट पाहिली आणि मासळीवरच्या माश्या वारायला घेतली. सरांना ते चाललं. "उपयोगात आली," म्हणाले. आम्ही मागे जाऊन खरी वखार पाहिली.

अकरावा थांबा धक्का. कागदावर लिहिलं होतं, 'भाषण, पंधरा मिनिटे.' आम्ही मनाची तयारी केली. सर धक्क्याच्या पार टोकाला गेले, कागद काखेत मारून पाण्याकडे पाहत राहिले. पाच मिनिटं झाली. मग त्यांनी फोन काढून व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर खाटेवर पडलेला एक म्हातारा दिसला.

"माझा मोठा भाऊ," सर आम्हाला म्हणाले. "कुहीले असते."

"पाह्यला का गा शेवटी?" दादांनी विचारलं.

"पाह्यला, दादा. आत्ताच. पयल्यांदा."

नीलिमानं माझ्याकडे पाहिलं. चौतीस वर्षं पोरांना बंदरं शिकवणारा हा माणूस आज पहिल्यांदा समुद्र बघत होता.

"दोघं मिळून पाहू, असं ठरलं होतं," सर आमच्याकडे न बघता म्हणाले. "कधी माझी शाळा आडवी आली, कधी त्याची धानाची रोवणी. आता त्याचं कमरेचं हाड मोडलं. त्याले खाटेवरून पाहता यावं म्हणून कागद काढाले लागलो."

दादांच्या हातात त्याच कागदाची साधी, लॅमिनेट न केलेली प्रत होती. "चौथ्या नंबरले वखार हाय. दाखव."

"तो बर्फाचा कारखाना निघाला."

"मंग खोडतो." त्यांनी खरंच पेन्सिल घेतली. मग म्हणाले, "पाणी दाखव."

सरांनी दोन्ही हातांनी फोन समुद्राकडे धरला. दादा बराच वेळ बघत राहिले.

"हे धानाले चालत नसन."

"नाही. खारं आहे."

"इतकं पाणी," दादा म्हणाले, "अन् धानाच्या एका बांधीतही घेता येत नाही." त्यांना मनापासून वाईट वाटलेलं दिसत होतं. थोड्या वेळानं म्हणाले, "आता पयल्यापासून दाखव. मले सारंच पाहाचं हाय."

मग आम्ही रिक्षानं परत बाजारात गेलो आणि फेरी पुन्हा सुरू केली. काजूवाल्यानं दादांना नमस्कार केला. कोळणीनं फोनमध्ये डोकावून तब्येत विचारली. नीलिमानं उन्हासाठी छत्री धरली, मी पाण्याची बाटली. सर फोन पुढे धरून पावलापावलानं चालत होते. हात अवघडला तरी त्यांनी फोन माझ्याकडे दिला नाही.

सहाव्या थांब्याजवळ दादांचा डोळा लागला. कागद छातीवर पडला होता, तोंड किंचित उघडं.

"सर, झोपले ते," मी म्हणालो.

"माहीत आहे," सर म्हणाले. त्यांनी आवाज खाली आणला, फोन तसाच पुढे धरला आणि झोपलेल्या भावाला सातव्या थांब्याची माहिती सांगत ते चालू लागले.